अर्धे घरटे : गावच्या बागेत निसर्गशिल्प उभारताना मुलांना शिकवायचे कसे

जानेवारीच्या अखेरीस पश्चिम विदर्भातल्या कोणत्याही गावात गेले, तरी धुऱ्यावर पऱ्हाट्यांचे, म्हणजे कपाशीच्या वाळल्या झाडांचे ढीग आणि खळ्याशेजारी तुराट्यांच्या, म्हणजे तुरीच्या काड्यांच्या पेंढ्या रचलेल्या दिसतात. भंडारा-गोंदियाकडे त्याच सुमारास धानाचे तणस पडलेले असते. यातले बरेचसे चुलीत जाते किंवा बांधावरच पेटवले जाते. या साहित्यातून ग्रामपंचायतीच्या बागेत मुलांच्या हातून एक मोठे शिल्प उभे करता येते आणि ते उभे करताना गणित, विज्ञान, भूगोल व भाषा या चारही विषयांचे बरेच पाठ होऊन जातात. मी सातवीच्या वर्गासोबत हे काम काही वर्षे करत आलो आहे. एखाद्या शिक्षकाला आपल्या शाळेत ते करायचे असेल, तर सुरुवात कुठून करावी आणि कुठे अडखळायला होते, ते येथे क्रमाने मांडले आहे.

आधी विषय, मग शिल्प

पहिल्या वर्षी आम्ही वाघ केला. ताडोबाच्या जिल्ह्याशेजारचे गाव, त्यामुळे वाघाशिवाय दुसरे काही कोणाला सुचलेच नाही. मुलांपैकी एकानेही वाघ जवळून पाहिलेला नव्हता, म्हणून कॅलेंडरवरचे चित्र समोर ठेवले गेले. चित्रातला वाघ बसवणे अवघड, त्यामुळे सांगाडा मी बांधला, तोंड चित्रकलेच्या सरांनी केले आणि मुलांनी पाणी व माती वाहिली. पाहुणे येणार म्हणून वरून ऑइल पेंटचे पट्टे ओढले. मे महिन्यात बागेतल्या काळ्या जमिनीला हाताचा पंजा जाईल एवढ्या भेगा पडल्या, मागचा एक पाय भेगेत खचला आणि वाघ झोपल्यासारखा कलला. मुलांना त्या सगळ्यातून काय आले, असे मी स्वतःला विचारले तेव्हा घमेले उचलण्यापलीकडे उत्तर सापडले नाही.

म्हणून पहिली सूचना अशी की, मुलांना जाऊन पाहता येईल, मोजता येईल आणि ज्याची रचना उलगडता येईल, अशीच वस्तू शिल्पासाठी निवडावी. आमच्यासाठी ती सुगरणीचे घरटे ठरली, आणि तेही पूर्ण नव्हे, अर्धे. गोंदिया-भंडाऱ्याच्या शाळांनी सारसाचे घरटे घ्यायला हरकत नाही. महाराष्ट्रातले सारस आता मुख्यतः त्याच भागात उरले आहेत आणि मुलांनी ते धानाच्या बांधीत पाहिलेले असतात. वारूळ, कोळ्याचे जाळे किंवा पळसाची शेंगही चालेल. ज्याची चार मापे मुलांच्या वहीत येऊ शकत नाहीत, ते मात्र घेऊ नये.

अर्धे घरटे का, ते सांगतो. सुगरण पक्ष्याचा नर पावसाळ्यात विहिरीवर किंवा नाल्यावर झुकलेल्या बाभळीच्या, सिंदीच्या फांदीला गवताच्या लांब पट्ट्या गुंडाळून आधी एक उभे वर्तुळ तयार करतो. त्या वर्तुळाच्या खालच्या कडेवर बसूनच तो पुढचे विणकाम करतो आणि वर्तुळाच्या दोन्ही बाजूंना छत वाढवत नेऊन शिरस्त्राणासारखा आकार आणतो. या टप्प्यावर मादी येते, आत बसून पाहते आणि पसंत पडले तर मुक्काम करते. त्यानंतर नर अंड्यांची खोली व खाली लोंबणारी नळी पुरी करतो. नापसंत घरटी तशीच अर्धवट राहतात, आणि त्यांतली काही दिवाळीनंतर झाडाखाली पडलेली सापडतात. अर्ध्या घरट्यात आतले विणकाम उघडे दिसते, म्हणून ते शिकवायला सोपे जाते. शिवाय सार्वजनिक बागेत बंद पोकळी असलेले काहीही उभारू नये, हा माझा अनुभवाचा आग्रह आहे. बंद पोकळीत पावसाळ्यात साप-विंचू शिरतात आणि रात्री बागेत बसणारी मंडळी त्यात बाटल्या टाकतात.

एक गंमत वर्गात जरूर सांगावी. घरटे बांधतो नर, पण मराठीने नाव ठेवले सुगरण. यावर मुलींनी आणि मुलांनी घातलेला वाद हा त्या वर्षीचा आमचा सर्वांत चांगला भाषेचा तास होता.

निरीक्षण आणि माप

निरीक्षणाचे काम पोळ्याच्या सुमारास करावे, कारण तेव्हा घरटी बांधली जात असतात. पाच-सहा मुलांचा एक गट, प्रत्येक गटाला वही, आणि झाडापासून किमान २० पावलांचे अंतर, एवढा नियम पुरेसा आहे. पक्षी किती वेळाने परत येतो, चोचीत काय आणतो, पट्टी कोणत्या गवताची आहे, याची नोंद अर्धा तास केली तरी वहीची दोन पाने भरतात. झाडावरचे घरटे काढायचे नाही, हे आधीच ठामपणे सांगावे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार वन्य पक्ष्यांच्या अंड्यांना व घरट्यांना त्रास देणे हा गुन्हा आहे, आणि कायदा बाजूला ठेवला तरी विहिरीवर वाकलेल्या फांदीकडे मुलाने हात घालणे कोणत्याही शिक्षकाला परवडणारे नाही. दिवाळीच्या सुटीनंतर खाली पडलेली, रिकामी घरटीच उचलून आणावीत आणि हाताळल्यावर हात साबणाने धुवावेत.

मापाचा तास मात्र घाईने उरकू नये. या साऱ्या उपक्रमातले खरे गणित तिथेच आहे. आमच्या मुलांनी मोजलेल्या एका अर्ध्या घरट्याच्या वर्तुळाचा आतला व्यास ११ सेंमी भरला आणि किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर त्याचे वजन २० ग्रॅम आले. सुगरण पक्षी चोचीपासून शेपटीपर्यंत साधारण १५ सेंमी असतो. घरटे दहापट मोठे करायचे ठरवले, म्हणजे वर्तुळ ११० सेंमीचे आणि पक्षी १५० सेंमीचा, जवळजवळ सातवीतल्या मुलाच्या उंचीएवढा. हा हिशेब फळ्यावर मांडल्यावर वर्गातल्या सर्वांत उंच मुलीला खडूने काढलेल्या वर्तुळासमोर उभे केले आणि वर्ग एकदम शांत झाला. एवढ्या पक्ष्याने एवढे घर फक्त चोचीने बांधले, हे त्यांना तेव्हा दिसले.

यानंतर एक प्रश्न टाकावा : घरटे दहापट, तर गवत किती पट लागेल? बहुतेक मुले दहापट म्हणतात. मग वहीत एक सेंटिमीटरचा आणि दहा सेंटिमीटरचा चौरस काढायला लावावा. क्षेत्रफळ शंभरपट झाल्याचे ती स्वतः मोजतात. पट्टीची जाडी तीच ठेवली तर २० ग्रॅमचे २ किलो, आणि जाडीही दहापट केली तर २० किलो. आम्ही प्रत्यक्षात वापरलेले साहित्य तोलून पाहिले तेव्हा २३ किलो भरले, म्हणजे आपल्या काड्या पक्ष्याच्या पट्ट्यांच्या दहापटीहून जरा जाडच होत्या, हा निष्कर्ष मुलांनी काढला. वर्तुळाचा परीघ ३.१४ गुणिले ११०, म्हणजे सुमारे ३४५ सेंमी. टोके एकमेकांवर १०० सेंमी चढवायची असल्याने वर्तुळाची कमची, म्हणजे बांबू चिरून काढलेली पट्टी, ४४५ सेंमी लांब हवी. बांबू फुटाने विकत मिळतो, तेव्हा सेंटिमीटरचे फूट करण्याचे उदाहरणही आपोआप पदरात पडते.

परवानगी आणि जागा

बाग शाळेची नसते, ही गोष्ट उत्साहात विसरली जाते. २६ जानेवारीच्या ग्रामसभेपुढे विषय ठेवणे सर्वांत सोयीचे. अर्ज मुलांनी लिहावा, त्यात शिल्पाची जागा, उंची, साहित्य, काम चालण्याचे दिवस आणि शिल्प काढून घेण्याची तारीख स्पष्ट असावी, आणि शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव सोबत जोडावा. औपचारिक पत्रलेखन पाठ्यपुस्तकात असतेच. येथे मात्र त्या पत्राला खरे उत्तर येते, आणि कधी कधी खरी हरकतही येते. एका वर्षी सकाळी फिरायला येणाऱ्या ज्येष्ठांनी पाऊलवाटेची कड अडते म्हणून हरकत घेतली होती. मुलांनी टेप नेऊन मोजले, हरकत बरोबर निघाली, आणि जागा चार पावले मागे सरकली.

जागा निवडताना पाण्याच्या टाकीचा ओघळ, विजेच्या तारा आणि मोठ्या झाडाची मुळे टाळावीत. दुपारनंतर सावली येणारी जागा मिळाली, तर मुलांनाही बरे आणि गवतही हळू वाळते.

साहित्य : काय घ्यावे, काय घेऊ नये

सांगाड्यासाठी बांबू लागतो. गडचिरोली-चंद्रपूरच्या जंगलात मानवेल जातीचा जो बांबू होतो, तो जवळजवळ भरीव असल्याने पायांसाठी उत्तम. बांबू आला कुठून, हा नागरिकशास्त्राचा धडा होऊ शकतो. गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखा गावाला २०११ मध्ये सामूहिक वनहक्कातल्या आपल्या बांबूच्या वाहतुकीचे परवाने स्वतः देण्याचा अधिकार मिळाला, आणि २०१७ मधील दुरुस्तीने वनक्षेत्राबाहेर वाढलेला बांबू भारतीय वन कायद्यातील वृक्षाच्या व्याख्येतून वगळला गेला. बांबू हे शास्त्रदृष्ट्या गवत आहे, हे विज्ञानाच्या पुस्तकात आधीपासून होतेच. त्या एका ओळीचा अर्थ किती लांबवर जातो, ते मुलांना इथे कळते.

बांबू फोडण्याचे काम गावातल्या किंवा शेजारच्या गावातल्या बुरूड कारागिराकडे सोपवावे, त्यांना दिवसाचे पूर्ण मानधन द्यावे आणि वर्गात त्यांची ओळख शिक्षक म्हणूनच करून द्यावी. ‘मदतीला बोलावले आहे’ असे म्हणू नये. आमच्याकडे येणारे काका कोयत्याच्या एका ठोक्यात बांबूचा शेंडा दुभंगतात आणि मग पात्याला किंचित पीळ देत चीर बुडख्यापर्यंत उतरवत नेतात. चीर एका बाजूला सरकू लागली की जाड भागाकडे दाब देऊन ती परत मध्यावर आणतात. ते पाहताना एका मुलाने विचारले, की वाळलेला बांबू का घेत नाही? काका म्हणाले, “बाबू, ओला वेळू आयकते, वायला वेळू आयकत नाही.” तंतू, ओलावा आणि लवचीकपणा यांवर मी पुढे घेतलेला तास याच वाक्याचे स्पष्टीकरण होता.

पऱ्हाटीबाबत दोन पथ्ये कटाक्षाने पाळावीत. पहिले, पऱ्हाटीवर राहिलेल्या कवड्यांत व किडक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी सुप्तावस्थेत असते, म्हणूनच कृषी खाते पऱ्हाट्यांचे ढीग शेताजवळ साठवू नका असे दरवर्षी सांगते. ढिगातून काडी उचलताना प्रत्येक बोंड व कवडी तोडून, गोळा करून शेतातच जाळून टाकावी. बागेत फक्त स्वच्छ काड्या न्याव्यात. दुसरे, कपाशीवर हंगामभर फवारण्या झालेल्या असतात. शेवटच्या फवारणीला बरेच आठवडे उलटलेल्या शेतातल्याच पऱ्हाट्या घ्याव्यात, शेतकऱ्याला तसे विचारून घ्यावे, मुलांना हातमोजे द्यावेत आणि काड्या तोंडात धरण्याची सवय मोडावी. ढीग हलवण्याआधी मोठ्या माणसाने लांब काठीने तो उसकावा, कारण थंडीत साप तिथेच उबेला असतात.

तुराट्यांना राहिलेल्या शेंगा झाडून घ्याव्यात. तसे न केल्याने आमच्या शिल्पावर दुसऱ्याच दिवशी शेळ्यांनी पुढचे दोन पाय टेकवले होते.

गाजर गवत घेऊ नये, त्याने अनेकांच्या अंगाला खाज सुटते व पुरळ येते. नाल्याकाठची बेशरम वाकायला छान आणि फुकट मिळते, पण तिचा चीक विषारी असल्याने लहान मुलांच्या हाती देऊ नये. घाणेरी, जिला काही भागांत रायमुनिया म्हणतात, ती जंगलाची डोकेदुखी असल्याने कापून वापरावी असे वाटते खरे. तिच्या काट्यांमुळे मी ती फक्त वरच्या वर्गांसाठी ठेवतो.

विणण्याआधी एक प्रयोग अवश्य करावा. प्रत्येक साहित्याची हातभर लांब काडी गुडघ्यावर हळूहळू वाकवायची आणि ‘कट्’ आवाज येताच थांबून कोनमापकाने कोन मोजायचा. तुराटी लगेच मोडते, पऱ्हाटीचा बुडखा मोडतो पण शेंडे तग धरतात, सिंदीचे ओले पान हवे तसे वळते आणि ओली कमची पुरे वर्तुळ घेते. कोणते साहित्य शिल्पात कुठे जाईल, हे या तक्त्यावरून मुलांनीच ठरवावे. शिक्षकाला उत्तर माहीत असले तरी त्याने ते गिळावे. मला हे अजूनही जड जाते.

उभारणी

पायांसाठी तीन बांबूंचे तिकाटणे करावे. चार पायांचा सांगाडा काळ्या जमिनीत एक पाय खचला की डुगडुगतो, तिकाटणे मात्र किंचित कलले तरी तिन्ही पायांवर बसूनच राहते; वाघाने शिकवलेला हा धडा आहे. काळी माती पाण्याने फुगते व वाळली की आक्रसते, कारण तिच्यातल्या चिकणमातीचे सूक्ष्म थर आपल्यात पाणी धरून ठेवतात. त्यामुळे खड्डा सब्बलीने नुसता बांबूपुरता करू नये. दीड फूट रुंद व अडीच फूट खोल खणून, बांबू मधोमध धरून भोवती मुरूम आणि दगडगोटे थराथराने ठोकावेत, म्हणजे भोवतालची माती हलली तरी तिची ओढ बांबूपर्यंत कमी पोचते. जमिनीत जाणारे टोक मोठ्या माणसाने आगीवर धरून बाहेरून कोळशासारखे काळे होईपर्यंत भाजावे. वाळवी, जिला आपल्याकडे उधई म्हणतात, तिला त्याने थोडा उशीर होतो, एवढेच. तिन्ही खड्ड्यांच्या जागा आखायला खुंटी आणि दोरी पुरते. समान बाजूंचा त्रिकोण दोरीने जमिनीवर काढणे ही वहीतल्या कंपासची मोठी आवृत्ती आहे, आणि ती पहिल्यांदा काढताना एका गटाच्या दोरीला झोळ पडून त्रिकोण चुकला, तेव्हा मी ती चूक दुरुस्त न करता तिसरा खड्डा खणायच्या आधी सर्वांना बाजू मोजायला लावल्या.

वर्तुळासाठी सहा-सात ओल्या कमच्या एकत्र घेऊन, प्रत्येकीचा जोड वेगळ्या ठिकाणी येईल अशा सरकवून, वीतभर अंतरावर सुतळीने बांधाव्यात. कमचीची कड पात्यासारखी कापते, म्हणून काकांनी ती सुरीने तासून दिल्याशिवाय मुलांना देऊ नये. सल रुतली तर काढायला चिमटा व जखमेला लावायचे औषध जवळ असावे. वर्तुळ तिकाटण्याच्या शेंड्याला टांगून पुढच्या दोन पायांना बांधावे, खालची कड जमिनीपासून दीड फूट वर ठेवावी. दोन काठ्या फुलीत येतात तिथे आधी फुलीवरून तिरपे तीन वेढे, मग उलट बाजूने तीन, आणि शेवटी दोन काठ्यांच्या मधून सुतळी फिरवून आधीचे वेढे आवळून घ्यावेत. हे शेवटचे आवळणे मुले विसरतात आणि दोन दिवसांत गाठ ढिली पडते. अंबाडीचा वाख मिळाला तर सुतळीपेक्षा चांगला. गावातल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाला तो वळता येत असेल, तर त्यांना एक दिवस बोलवावे.

वर्तुळाच्या वरच्या अर्ध्या भागावर वीत-वीत अंतराने कमच्या बांधून त्या मागे कमानीसारख्या वाकवाव्यात व मागच्या पायाला अडकवाव्यात. या फासळ्यांत आधी पऱ्हाटीचे शेंडे एकमेकांत गुंतवावेत, त्यावर सिंदीची पाने व पीळ दिलेले तणस किंवा लांब गवत एक आड एक फासळीखालून ओवावे. मुलांचा कल घट्ट, गच्च विणण्याकडे असतो. मिरगाच्या वादळात वारा आरपार गेला नाही तर शिल्प शिडासारखे वाऱ्याला अडते, हे वर्तमानपत्राचा एक कागद सलग आणि दुसरा भोके पाडून पंख्यासमोर धरला की न बोलता समजते.

सुगरण पक्षी घरट्याच्या आत ओल्या मातीचे ठिपके लावतो. का लावतो, याबद्दल अभ्यासकांची वेगवेगळी मते आहेत, म्हणून मुलांना अंदाज बांधू द्यावा. आपल्या शिल्पात माती लावायची तर आधी तिचे लाडू करून पाहावेत : नुसती काळी माती, काळी माती व कुटार (भुसा), काळी माती व शेण, पांढरी माती व कुटार, आणि चौघांचे मिश्रण. सावलीत चार दिवस वाळवून भेगांची रुंदी मोजली की नुसत्या काळ्या मातीचा लाडू सर्वांत जास्त तडकलेला दिसतो. बागेत मात्र मिश्रण वर्गाने मतदानाने नव्हे, या मोजणीवरून निवडावे.

रंग देऊ नये. पाहुणे येणार असतील तरी देऊ नये.

सगळे काम सहा शनिवारांत, सकाळी दहाच्या आत बसते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने सहावी ते आठवीसाठी दहा दिवस दप्तराविना सुचवले आहेत, त्यामुळे वेळापत्रकात जागा मागणे आता पूर्वीइतके अवघड राहिलेले नाही. तसे पाहिले तर आपल्या भागाला हे नवे नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला जी शिक्षण परिषद भरली आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने जिचा आराखडा केला, त्या नई तालीमचा गाभाच हा होता, की हस्तोद्योगाचा वेगळा तास न ठेवता हस्तोद्योगातूनच बाकीचे विषय शिकवावेत. शिल्प झाले की गणिताचा तास पुन्हा पुस्तकातून घ्यायचा असेल, तर हा सगळा खटाटोप करू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

मूल्यमापन, पाटी आणि पालकांचा प्रश्न

गुण शिल्पाच्या देखणेपणाला देऊ नयेत. आकारिक मूल्यमापनासाठी मी दोनच गोष्टी पाहतो. एक, निरीक्षणवहीत चुकलेली मापे खोडलेली आहेत की तशीच ठेवून पुढे कारण लिहिले आहे. दोन, बागेत आलेल्या अनोळखी माणसाला मूल शिल्पाबद्दल काय सांगते. दुसऱ्यासाठी मी बाकावर बसून नुसते ऐकतो. वर्गात तोंड न उघडणारी एक मुलगी बसस्टँडवरून आलेल्या एका आजोबांना क्षेत्रफळ शंभरपट कसे होते ते काडीने मातीत चौरस काढून समजावताना मी पाहिली. त्या घटकाची तिची लेखी परीक्षा मी घेतली नाही.

शिल्पाजवळ एक छोटी पाटी लावावी. मजकूर मुलांचा, आणि साहित्याची नावे घरी बोलतात तशी : वऱ्हाडी, झाडीबोली, गोंडी, कोलामी, ज्या ज्या घरांतून मुले येतात त्या त्या बोलीत. पाटीवर उभारणीच्या तारखेशेजारी काढून घेण्याची तारीखही लिहावी. ही तारीख नसेल, तर पहिल्या पावसात दोन काड्या लोंबल्या की ‘शाळेचे काम मोडले’ अशी तक्रार येते. तारीख असेल, तर लोक आणखी किती दिवस राहिले ते मोजतात.

‘टिकणार नाही तर करायचे कशाला?’ असे पालक हमखास विचारतात. त्यांना पोळ्याच्या दुसऱ्या दिवसाची नागपूरची मारबत आठवून द्यावी. बांबूचा सांगाडा करून इतक्या मेहनतीने घडवलेली मूर्ती मिरवणूक संपली की त्याच दिवशी जाळतात, आणि पुढच्या वर्षी पुन्हा घडवतात. अमेरिकेत पॅट्रिक डोहर्टी हे शिल्पकार कोवळ्या फांद्या विणून घरांएवढी शिल्पे स्थानिक लोकांसोबत उभारतात, तीही साधारण दोन वर्षेच राहतात. आपल्या उन्हात व पावसात आपले घरटे पोळ्यापर्यंत टिकले तर ते चांगले बांधले गेले, असे समजावे.

काढणी

मार्चपासून दर पंधरा दिवसांनी एका गटाने शिल्प पाहून वहीत ‘आधी काय गेले’ हा रकाना भरावा. आमच्याकडे सर्वांत आधी सिंदीची पाने पांढरी पडून चुरली, मग पहिल्या पावसात मातीचे ठिपके वाहिले, जुलैत सुतळीच्या गाठी कुजल्या. पऱ्हाटी शेवटपर्यंत जवळजवळ जशीच्या तशी होती. उन्हाळ्यात चिमण्यांनी तणस ओढून नेले, तेही मुलांनी तारखेसह लिहिले. उन्हाळ्याच्या सुटीत नोंदी कोण घेणार, हे एप्रिलमध्येच नावानिशी ठरवावे, नाहीतर नेमका वळवाच्या वादळांचा काळ कोरा राहतो. वादळानंतर शिल्प धोकादायक कललेले दिसले, तर ठरल्या तारखेची वाट न पाहता ते उतरवावे.

पोळा झाल्यावर, म्हणजे खरे सुगरण पक्षी पुन्हा बांधकामाला लागलेले असताना, ज्या मुलांनी शिल्प उभारले त्यांनीच, आता आठवीत असलेल्यांनी, ते सोडवावे. गाठी कापून न काढता सोडवायला लावल्या, तर कोणाची गाठ शेवटपर्यंत आवळलेली राहिली ते कळते. कुजलेले गवत बागेच्या खतखड्ड्यात टाकावे, धड बांबू माळ्याला भाजीच्या मांडवासाठी द्यावेत आणि जमिनीतले बुडखे उपटून उधई कुठपर्यंत चढली होती ते मोजपट्टीने मोजून घ्यावे. भाजलेल्या आणि न भाजलेल्या टोकांतला फरक पाहायचा असेल, तर उभारताना तीनपैकी एक पाय मुद्दाम न भाजता ठेवावा. तिन्ही खड्डे त्याच दिवशी मुरूम घालून, चोपून बुजवावेत. सकाळी अंधारात फिरायला येणाऱ्यांचा पाय त्यात पडता कामा नये.